थायरॉईड नॉर्मल, मग आईला हे काय होतंय?

प्रश्न : आई ५४ वर्षांची आहे. दोन महिन्यांपासून मधेच गोंधळते, हात थरथरतात, एकदा फिटही आली, आणि दोन दिवसांनी परत एकदम नीट. एमआरआय नॉर्मल, टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) नॉर्मल, फक्त अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडीज) खूप वाढलंय. डॉक्टर हाशिमोटो एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. थायरॉईड नॉर्मल असताना हे कसं काय?

उत्तर : होऊ शकतं. हाशिमोटो एन्सेफॅलोपॅथी म्हणजे थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडीज असताना मेंदूचं काम बिघडणं. १९६६ मध्ये ब्रेन आडनावाच्याच एका ब्रिटिश न्यूरॉलॉजिस्टने असा पहिला पेशंट नोंदवला. यात हार्मोन कमी-जास्त असेलच असं नाही, गडबड इम्युनिटीची असते, आणि एमआरआय बऱ्याचदा नॉर्मलच येतो. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या, अँटी-टीपीओ तर कितीतरी धडधाकट लोकांमध्येही वाढलेलं असतं, त्यामुळे नुसत्या त्या आकड्यावर निदान करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आधी बाकीचं सगळं वगळावं लागतं, म्हणजे इन्फेक्शन, सोडियम, लिव्हर-किडनी, औषधांचे परिणाम, आणि मेंदूवर हल्ला करणाऱ्या एनएमडीए वगैरे अँटीबॉडीज. त्यासाठी ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) आणि पाठीतल्या पाण्याची तपासणी लागते, पाण्याच्या नावाने घरचे घाबरतात पण ती टाळू नका, त्यात प्रोटीन वाढलेलं सापडतं पुष्कळदा. मग स्टेरॉईड देऊन बघतात, काही पेशंट भराभर सुधारतात, सगळे नाही. आईचे गोंधळाचे व्हिडिओ काढून ठेवा, तारीख-वेळ लिहा, न्यूरॉलॉजिस्टला त्याचा फार उपयोग होतो. स्टेरॉईड मनाने बंद करायचं नाही. आणि परत फिट आली किंवा आई शुद्धीवर नसेल, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच इमर्जन्सीत न्या.