आधी सोफ्यापासून टीव्हीपर्यंत टेप लावा

तुमचा प्रश्न असा: २०२१ मध्ये घेतलेला डिस्कवाला पीएस५, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५ हा खेळांचा कन्सोल, घरात आहे, हॉलमध्ये ४३ इंची फोर-के टीव्ही आहे, आठवड्याला पाच-सहा तास खेळणं होतं. दुबईचा मावसभाऊ दिवाळीला येतोय आणि येताना पीएस५ प्रो, म्हणजे त्याचीच जास्त ताकदीची आवृत्ती, आणू का म्हणून विचारतोय. जुना विकून वर पैसे घालावेत का?

माझं उत्तर 'नको' आहे. प्रो वाईट आहे म्हणून नव्हे, तुमच्या टीव्हीवर त्याचा फरक दिसणारच नाही म्हणून.

हे मी स्वतःच्या खिशाला चाट लावून शिकलोय. पीएस४ प्रो आला २०१६ च्या नोव्हेंबरात. मी हौसेने घेतला आणि चाळीस इंची फुल एचडी टीव्हीला जोडला. म्हटलं, टीव्ही नंतर बघू. ते 'नंतर' दीड वर्षाने उगवलं. त्या दीड वर्षात मला काय मिळालं? कडा थोड्या गुळगुळीत झाल्या, तारांच्या कुंपणाची थरथर कमी झाली, बस. तेच पैसे आधी टीव्हीत घातले असते तर साध्या पीएस४ वर एचडीआर (उजेड-अंधार आणि रंग जास्त खुलवणारा प्रकार) तरी बघता आला असता, कारण तो सोनीने प्रो यायच्या आधीच अपडेटमधून सगळ्या जुन्या पीएस४ ना फुकट देऊन टाकला होता.

तेव्हा आता आधी घरातली शिवणकामाची टेप काढा आणि खेळताना तुमचं डोकं जिथे असतं तिथपासून पडद्यापर्यंत लावा. अंदाज सांगू नका, अंदाज हमखास चुकतो. मी सात फूट म्हणत होतो, निघाले साडेनऊ.

आता हिशेब. चांगली नजर म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत ६/६, आणि अशा नजरेला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो. ४३ इंची पडदा सुमारे ९५ सेंटीमीटर रुंद असतो. त्यावर फुल एचडीचे १९२० ठिपके बसवले तर एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येतो. साडेपाच फुटांच्या पलीकडून तो ठिपका डोळ्याला सुटा दिसत नाही. म्हणजे सोफा आठ-नऊ फुटांवर असेल तर तुम्ही फुल एचडीचंसुद्धा पूर्ण पीक घेत नाही आहात, फोर-के, म्हणजे रुंदीत दुप्पट ठिपके, तर लांबच राहिलं. ५५ इंचाला हीच फुल एचडीची हद्द सात फुटांवर जाते. हलत्या चित्रात कडांची चमचम थोडी लांबूनही जाणवते, त्यामुळे ही रेघ दगडावरची नाही, पण दिशा कळायला पुरते.

गेल्या वर्षी एक मित्र त्याचा प्रो घेऊन घरी आला होता. रविवारची दुपार, माझा जुना पीएस५ आणि त्याचा प्रो एकाच ५५ इंची टीव्हीला लावले, दोन्हीवर स्पायडर-मॅन २, दोन्हीकडे साठ फ्रेमचा (सेकंदाला साठ चित्रांचा) मोड, स्पायडर-मॅन एकाच गच्चीवर उभा. मी डोळे मिटायचे, भाच्याने रिमोटने इनपुट बदलायचा किंवा मुद्दाम तोच ठेवायचा, मग मी ओळखायचं. सोफ्यावरून दहापैकी सहा बरोबर आले. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं. मग खुर्ची ओढून पाच फुटांवर बसलो, तर दहापैकी नऊ. खूण एकदा सापडली की चुकत नाही: न्यूयॉर्कच्या इमारतींना बाहेरून जे लोखंडी जिने असतात ना, त्यांच्या लांबच्या दांड्या. जुन्या मशीनवर त्या दांड्या एकमेकींत मिसळून वळवळत होत्या, प्रोवर सरळ उभ्या. भाचा म्हणाला, "मामा, पण खेळताना जिने कोण बघतं?" त्याचं खरं आहे. आणि ज्याला ते जिने दिसायला लागतात त्याची झोप जाते, हेही खरं आहे. तुम्ही कुठल्या जातकुळीचे ते तुम्हीच ठरवा.

आता प्रोमध्ये नेमकं काय वाढलंय ते. चित्र काढणारा भाग, म्हणजे जीपीयू, बराच दणकट झालाय. कम्प्यूट युनिट ३६ ची ६० झाली, मेमरीचा वेग २८ टक्के वाढला, आणि सोनीच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे रेंडरिंग ४५ टक्क्यांपर्यंत वेगवान होतं. जोडीला पीएसएसआर आहे, म्हणजे लहान चित्र काढून मशीन लर्निंगने मोठं करायचं तंत्र. चांगलं बसलं की कमाल करतं. फायनल फँटसी ७ रीबर्थ साध्या पीएस५ वर साठ फ्रेमला लावलं की पडद्यावर व्हॅसलीन फासल्यासारखं दिसायचं, प्रोवर तोच खेळ स्वच्छ झाला. नीट बसलं नाही तर उलटंही होतं. सुरुवातीला सायलेंट हिल २ आणि स्टार वॉर्स जेडाय: सर्व्हायव्हर या खेळांत प्रोवरच झाडं-पानं नि सावल्या चमचमत होत्या.

पण सीपीयू, म्हणजे खेळाचा बाकी हिशेब करणारा भाग, तोच आहे. गरज पडली तर त्याचा वेग दहाएक टक्के वर जातो, एवढंच. खानावळीत पोळ्या लाटणारी बाई तीच ठेवायची आणि तवे मात्र दुप्पट करायचे, असला हा प्रकार. ज्या खेळात काम तव्यापाशी अडलं होतं तिथे पंगत भराभर उठते. जिथे लाटण्यापाशीच अडलं होतं, म्हणजे गर्दीची शहरं, शेकडो पात्रं, प्रत्येकाच्या डोक्यात काय चाललंय त्याचा हिशेब, तिथे तवे रिकामे तापत बसतात. ड्रॅगन्स डॉग्मा २ च्या गावात शिरलं की प्रोवरही साठ फ्रेम टिकत नाहीत, त्याचं कारण हेच.

रॉकस्टार कंपनीचा जीटीए ६ हा खेळ डोळ्यांसमोर ठेवून घेत असाल तर त्यांचाच रेड डेड रिडेम्प्शन २ आठवा. २०१८ मध्ये तो पीएस४ प्रोवर आला तेव्हा चित्र साध्या पीएस४ पेक्षा सुबक होतं, फ्रेम मात्र दोन्हीकडे तीसच. रॉकस्टारचे खेळ लाटणारीला घाम फोडणारेच असतात. त्यामुळे न आलेल्या खेळासाठी मशीन घेऊन ठेवू नका. खेळ येऊ द्या, दोन्ही मशीनवरची तुलना बघा, मग काय ते ठरवा.

खरं सांगायचं तर प्रो तुम्हाला एका मेनूतून सोडवतो. 'फिडेलिटी' की 'परफॉर्मन्स', सुंदर तीस की ओबडधोबड साठ, हा प्रश्न हल्लीचा जवळजवळ प्रत्येक मोठा खेळ विचारतो, आणि प्रो म्हणतो, साठ घ्या आणि चित्रही बऱ्यापैकी सुंदर घ्या. हा प्रश्न तुम्हाला छळतो का? की पहिल्या दिवशी एक मोड लावून नंतर तो मेनू उघडतही नाही? दुसऱ्या गटात असाल तर एवढे पैसे कशाला?

आणि छळत असेल, तर त्यावर एक उतारा तुमच्या साध्या पीएस५ मध्ये आधीच आहे, फक्त टीव्ही तुम्हाला तो वापरू देत नाही. ४३ इंची बहुतेक टीव्ही ६० हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारे असतात. टीव्ही १२० हर्ट्झचा आणि एचडीएमआय २.१ पोर्टवाला असला की रॅचेट अँड क्लँक, होरायझन फॉरबिडन वेस्ट, स्पायडर-मॅन २ अशा खेळांत चाळीस फ्रेमचा मोड उघडतो. चित्र जवळजवळ फिडेलिटीचं, हाताला मात्र खूप हलकं. चाळीस ऐकायला तिसाच्या जवळचं वाटतं, पण वेळेचा हिशेब करा: तीस फ्रेमला एक चित्र ३३.३ मिलिसेकंद टिकतं, साठला १६.७, चाळीसला २५. बरोब्बर मध्य. आणि १२० ला तिनाने भाग जातो म्हणून धक्केही बसत नाहीत. शिवाय व्हीआरआर मिळतो, म्हणजे टीव्ही आपला वेग खेळाच्या वेगाशी जुळवत राहतो, जो ४८ ते १२० हर्ट्झच्या पट्ट्यात फ्रेम मागेपुढे झाल्या तरी सांभाळून घेतो. साठचा मोड पन्नाशीत घसरला तर एरवी जो झटका बसतो, तो बसत नाही.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर प्रोचे पैसे ५५ इंची, १२० हर्ट्झच्या टीव्हीकडे वळवले असते. घेताना बॉक्सवरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका. काही ६० हर्ट्झच्या टीव्हींवर '१२०' असं काहीतरी मार्केटिंगचं नाव छापलेलं असतं. पॅनेलचा 'नेटिव्ह रिफ्रेश रेट' विचारा, आणि कुठल्या पोर्टवर 'फोर-के १२०' लिहिलंय ते डोळ्यांनी बघा, बऱ्याच टीव्हींवर ते एखाद-दुसऱ्याच पोर्टवर असतं. टीव्ही घरातले सगळे बघतात, त्यामुळे मंजुरीही लवकर मिळते.

खेळ साठवायच्या जागेची अडचण असेल तर तीही वेगळी सुटते. प्रोमध्ये दोन टीबी आहे, तुमच्या मशीनमध्ये ८२५ जीबी, त्यातलं वापरायला साडेसहाशेच्या वर थोडं. पण आत जादा एसएसडी (साठवणुकीची पट्टी) बसवायला एम.२ चा रिकामा खण आहे. जेन ४ चा, सेकंदाला ५,५०० एमबीचा वाचनवेग असलेला आणि हीटसिंक लावलेला एसएसडी घ्या, झाकण आणि एक-दोन स्क्रू काढून बसवा, अर्ध्या तासाचं काम.

डिस्कचं तर मी आधीच विचारायला हवं होतं. प्रोला डिस्क ड्राइव्ह नाही. तो वेगळा घ्यावा लागतो, अमेरिकेत ८० डॉलरला होता, आणि पहिल्यांदा जोडताना इंटरनेटवरून नोंदवावा लागतो. आपल्याकडे डिस्कला मोल आहे: पाचेक हजाराचा खेळ घ्यायचा, महिन्यात संपवायचा, साडेतीनला पुढे सरकवायचा. तुमच्या कपाटात वीस-पंचवीस डिस्क असतील तर ड्राइव्हचे पैसे धरूनच प्रोची किंमत मोजा.

आणि दुबईहून आणण्याबद्दल. नोव्हेंबर २०२४ ला प्रो बाहेर आला तेव्हा सोनीने तो भारतात आणला नाही. कारण दिलं वायफाय ७ चं: ते ज्या ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, तो इथे तेव्हा मोकळा झाला नव्हता. तेव्हापासून इथे जे प्रो फिरताहेत त्यांतले बरेचसे असेच बॅगेतून आलेले. बॅगेतल्या मशीनची वॉरंटी ज्या देशात घेतलं तिथली. माझ्या ओळखीच्या एकाने इथल्याच एका दुकानातून 'इंपोर्टेड' मशीन घेतलं, वर्षाच्या आत आवाज जायला लागला, आणि दुकानदाराने बिलाऐवजी दिलेली चिठ्ठी घेऊन तो तीन ठिकाणी फिरला. शेवटी दुरुस्ती पदरमोडीने. भाऊ आणणारच असेल तर बिल त्याच्या नावाचं, दुकान मोठं, आणि कस्टमच्या करमाफ मर्यादेच्या वर किंमत जात असेल तर सरळ जाहीर करून ड्युटी भरायची.

एका बाबतीत मात्र माझा जुना सल्ला बाद झालाय. पूर्वी मी सगळ्यांना सांगायचो, थांबा, स्वस्त होईल. पीएस४ प्रो ३९९ डॉलरला आला होता, म्हणजे २०१३ मध्ये साधा पीएस४ जितक्याला आला तितक्यालाच. पीएस५ प्रो आला ७०० ला, आणि २०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेत तो ७५० झाला. डिस्क नसलेला साधा पीएस५ सुद्धा ३९९ वरून चढत चढत तेव्हा ४९९ वर गेला. त्यामुळे 'थांबलो तर किंमत पडेल' या आशेवर थांबू नका. गरज नसेल तर थांबा, ते वेगळं.

घ्यावा कुणी? ज्याच्याकडे कन्सोलच नाही, टीव्ही ६५ इंची आणि १२० हर्ट्झचा आहे, सोफा सहा-सात फुटांवर आहे, त्याने खुशाल घ्यावा. न्यू जर्सीला किंवा मेलबर्नला राहत असाल, दुकानातून वॉरंटीसकट मिळतोय आणि जुन्याला बरी किंमत येतेय, तर हिशेब आणखी सोपा. आणि प्रो नाही घेतला म्हणून एखादा खेळ हुकेल ही भीती मनातून काढा. पीएस४ च्या अख्ख्या काळात फक्त प्रोवर चालणारा एकही खेळ आला नाही.

एवढं वाचूनही मन प्रोकडेच ओढत असेल तर एक काळजी घ्या. जुना पीएस५ आधी विकून मोकळे होऊ नका. पीएस५ चे सेव्ह पीएस४ सारखे एकेक करून पेन ड्राइव्हवर उतरवता येत नाहीत, आणि पीएस प्लस हे सोनीचं पैसे भरून घ्यायचं सदस्यत्व नसेल तर क्लाउडही नाही. नवा घरी येऊ द्या, दोन्ही एकाच राउटरला जोडा, शक्यतो केबलने, सेटिंगमधून डेटा ट्रान्सफर लावा आणि रात्रभर सोडून द्या. सकाळी दोन-तीन खेळ उघडून तुमचा सेव्ह खरंच उघडतोय ना ते बघा, मगच जुना रिसेट करून गिऱ्हाइकाच्या हातात द्या.