अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातली अलाबामा आणि ऑबर्न ही दोन विद्यापीठं राज्यातल्याच शाळकरी अमेरिकन फुटबॉलपटूंसाठी इतकी का झगडतात?
कारण राज्यातला चांगला मुलगा हातचा गेला की तो बहुधा शेजाऱ्याकडेच जातो आणि दरवर्षी ‘आयर्न बोल’मध्ये, म्हणजे या दोन विद्यापीठांच्या वार्षिक सामन्यात, समोर उभा राहतो. अलाबामा राज्यात एनएफएलचा (व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल लीगचा) संघ नाही, त्यामुळे लोकांचा सगळा जीव या दोन संघांत अडकलेला. बो जॅक्सनचंच बघा. अलाबामातल्याच बेसेमरचा हा मुलगा ऑबर्नला गेला आणि १९८२ साली पहिल्याच वर्षी आयर्न बोलमध्ये त्याने गोलरेषेवरच्या गर्दीवरून झेप घेत टचडाउन (सहा गुण) केला. ऑबर्न २३-२२ जिंकलं, अलाबामाकडून सलग नऊ पराभवांची मालिका तुटली. अलाबामाकडून असा खेळाडू निसटणं म्हणजे दुहेरी नुकसान. शिवाय गावातला एक मुलगा आला की त्याच्या शाळेच्या प्रशिक्षकाशी ओळख होते, पुढच्या मुलांचा रस्ता सोपा होतो. माझ्या मते हे सगळ्यात मोलाचं.

पण फक्त घरच्या मुलांवर भागत नाही. अलाबामाला हाइझमन ट्रॉफी (वर्षातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा पुरस्कार) मिळवून देणारे इन्ग्रम, हेन्री, स्मिथ आणि यंग हे चौघेही परराज्यातले. त्यात २०२१ पासून खेळाडूंना नाव आणि प्रतिमेचे पैसे घेता येतात, त्यामुळे गावची ओढ आता पूर्वीइतकी पुरत नाही.