अकरावीतील एका विषयाच्या कमी गुणांविषयी

अकरावीच्या भौतिकशास्त्रात गुण घसरले म्हणून अमेरिकेतील मोजक्याच विद्यार्थ्यांना प्रवेश देणाऱ्या महाविद्यालयांचे अर्ज सोडून देऊ नकोस. तेथे नववीपासूनची सर्व गुणपत्रके एकत्र वाचली जातात आणि बारावीत तोच विषय सावरलेला दिसला, तर त्याला निश्चित वजन मिळते. आजारपणासारखे खरे कारण असेल, तर कॉमन ॲपमधील (अनेक महाविद्यालयांसाठीच्या एकाच ऑनलाइन अर्जातील) अतिरिक्त माहितीच्या रकान्यात ते चार ओळींत, कोणालाही दोष न देता लिही. अर्जातील मुख्य निबंध मात्र त्यावर मुळीच खर्च करू नकोस. तो तुझी ओळख करून देण्यासाठी आहे. सांगलीतील तुझ्या कनिष्ठ महाविद्यालयात स्वतंत्र समुपदेशक नसेल, तर प्राचार्यांना आताच भेट, कारण शाळेचा अहवाल आणि पुढे सहामाहीचे सुधारलेले गुण तुझ्या कनिष्ठ महाविद्यालयाकडूनच अधिकृतपणे पाठवले जातात, आणि ते गुण वेळेत पोहोचणे तुझ्यासाठी फार महत्त्वाचे आहे.