वाचकांचे प्रश्न : रॉय कीन, मैदानातला आणि बाकावरचा

आयर्लंड आणि मँचेस्टर युनायटेडचा माजी फुटबॉल कर्णधार, नंतर सांडरलँड आणि इप्सविच या इंग्लंडमधल्या क्लबांचा मॅनेजर, अशा रॉय कीनबद्दल बरीच पत्रं आली. बहुतेकांना भांडणांविषयी विचारायचं आहे, काहींना खेळाविषयी. सुरुवात खेळापासून करू.

प्रश्न : तालमीच्या संघात मी मधल्या फळीत खेळतो. प्रशिक्षक उठता-बसता ‘कीनसारखा खेळ’ म्हणतात. मी त्याचे फक्त टॅकल आणि लाल कार्डं पाहिली आहेत. नेमकं काय बघू? – एक खेळाडू, कोल्हापूर

टॅकलचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या पायातून चेंडू हिसकावण्याचे, तुकडे बाजूला ठेवा आणि एक सामना अख्खा बघा. 21 एप्रिल 1999, तुरिन, युव्हेंटस विरुद्ध मँचेस्टर युनायटेड, चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीतला दुसरा सामना. पहिला 1-1 बरोबरीत सुटला होता. इथे युव्हेंटसच्या इंझागीने पहिल्या 11 मिनिटांतच दोन गोल टाकले. समोर झिदान, डेव्हिड्स, देशाँ, कोंते अशी मधली फळी. 24व्या मिनिटाला बेकहॅमच्या कॉर्नरवर कीन जवळच्या खांबाकडे धावत आला आणि त्याने डोक्याने चेंडू जाळ्यात वळवला. त्यानंतर नाच नाही, मिठ्या नाहीत. गडी सरळ आपल्या अर्ध्यात परत. कारण त्या वेळच्या नियमाने परक्या मैदानावरच्या गोलला जास्त वजन होतं, म्हणजे 2-2 झाले तरी युनायटेड अंतिम फेरीत जाणार होतं. एकच गोल हवा होता. 33व्या मिनिटाला ब्लोमक्विस्टचा पास चुकला, तो सावरताना कीनने झिदानला पाडलं आणि पिवळं कार्ड घेतलं. आधीचं एक नावावर असल्याने तो अंतिम सामन्याला मुकला. पुढच्याच मिनिटाला युनायटेडच्या यॉर्कने बरोबरी साधली आणि शेवटाकडे कोलने तिसरा गोल केला. (आताच्या नियमात उपांत्यपूर्व फेरीनंतर पिवळी कार्डं पुसली जातात. तेव्हा तशी सोय नव्हती.)

आता हाच सामना दुसऱ्यांदा लावा आणि 15 मिनिटं चेंडूकडे बघूच नका, फक्त कीनकडे बघा. जोडीदार निकी बट पुढे सरकला की कीन दोन सेंटरबॅकच्या (मधल्या बचावपटूंच्या) समोर येऊन थांबतो. चेंडू मिळाला की एक-दोन टचमध्ये मोकळा करतो, बहुतेक वेळा जवळच्या माणसाच्या पायात, आणि जमेल तिथे पुढच्या दिशेने. आपल्याकडच्या संघांचं नेमकं इथेच बिनसतं. दोन्ही मिडफिल्डर चेंडूमागे धावतात, मध्ये भगदाड पडतं आणि मग ते बुजवायला घसरून टॅकल करावा लागतो. टॅकल करायची वेळ आली याचा अर्थ बऱ्याचदा तुम्ही आधीच चुकीच्या जागी होतात.

सराव असा करा : 10 मीटर बाय 10 मीटरचा चौकोन, बाहेर चार जण चेंडू फिरवणारे, आत दोघे तो हिसकावणारे, प्रत्येकाला दोनच टच. हे जमलं की तिघांचा सराव. एकाने पास द्यायचा, दुसऱ्याने घ्यायचा, तिसऱ्याने घेणाऱ्याच्या पाठीमागे उभं राहून बोटं दाखवायची. चेंडू पायाशी पोहोचण्याआधी घेणाऱ्याने मान वळवून आकडा ओरडून सांगायचा. पहिल्या आठवड्यात आकडा सांगण्याच्या नादात पहिला टच सुटेल, मैदान टणक असेल तर जास्तच. त्यासाठी पासचा वेग कमी करा, मान वळवणं सोडू नका.

प्रश्न : कीन नॉटिंगहॅम फॉरेस्टला 47 हजार पौंडांत मिळाला असं कुठे वाचलं, तर कुठे साडेसदतीस लाख. खरं काय? – वाचक, नाशिक

दोन्ही खरे, पण ते दोन वेगळे व्यवहार. 1990 मध्ये आयर्लंडच्या कोव्ह गावातल्या कोव्ह रॅम्बलर्स क्लबकडून मॅनेजर ब्रायन क्लफच्या फॉरेस्टने त्याला 47 हजार पौंडांत घेतलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलविरुद्ध उतरला. तीन वर्षांनी फॉरेस्ट खालच्या श्रेणीत घसरला आणि युनायटेडने 37 लाख 50 हजार मोजले. ब्रिटनमधला तो तेव्हाचा विक्रम होता. जाता जाता : गावाचं नाव इंग्रजीत कसंही लिहिलेलं दिसो, उच्चार ‘कोव्ह’ असाच. टायटॅनिकचा शेवटचा थांबा याच बंदरात होता.

प्रश्न : एर्लिंग हालांडच्या वडिलांची कारकीर्द कीनने संपवली, हे खरं का? – वाचक, ठाणे

जितकं सरसकट सांगितलं जातं तितकं नाही. सप्टेंबर 1997 मध्ये लीड्सच्या मैदानावर आल्फ-इंगे हालांडला पाडायला जाताना कीनचाच पाय अडकला आणि गुडघ्याचा क्रुसिएट लिगामेंट फाटला. हालांडला वाटलं हे नाटक, आणि तो वर उभा राहून तसं बोलला. कीनचा अख्खा हंगाम गेला. त्या वर्षी विजेतेपद आर्सेनलने नेलं.

एप्रिल 2001 मध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध कीनने हालांडच्या उजव्या गुडघ्यावर पाय घातला. थेट लाल कार्ड, तीन सामन्यांची बंदी, 5 हजार पौंड दंड. प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण 2002 च्या आत्मचरित्रात मारण्याचा हेतू होता असा अर्थ निघेल असं छापून आलं, तेव्हा इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने पुन्हा चौकशी केली आणि आणखी पाच सामने व दीड लाख पौंड लावले. हालांड त्यानंतरही मैदानात उतरला होता. त्याचं जुनं दुखणं डाव्या गुडघ्याचं, आणि मार बसला तो उजव्याला. तो 2003 मध्ये थांबला. म्हणून फाऊल घाणेरडा होता हे निर्विवाद, पण कारकीर्द त्यानेच संपली असं म्हणायला आधार कच्चा आहे.

प्रश्न : 2002 च्या विश्वचषकातून कीन परत का गेला? चूक कोणाची? – वाचक, पुणे

सराव शिबिर सायपान बेटावर होतं. संघ पोहोचला तेव्हा चेंडू आणि सरावाचं सामान आलेलं नव्हतं, मैदान टणक होतं. कीनची तक्रार मुळात याविषयी होती आणि ती त्याने वृत्तपत्राच्या मुलाखतीत मोकळेपणाने मांडली. मॅनेजर मिक मॅकार्थीने सगळ्या संघासमोर त्याला जाब विचारला. खरी ठिणगी मात्र मैदानावरून पडलीच नाही. नोव्हेंबर 2001 मध्ये इराणविरुद्धच्या दोन सामन्यांच्या पात्रता लढतीत डब्लिनचा सामना खेळून कीन तेहरानला गेला नव्हता. ते दुखणं खरं होतं का, हा संशय त्या बैठकीत निघाला आणि कीनचा ताबा सुटला. 23 मे रोजी त्याला घरी पाठवण्यात आलं.

त्याच्याविना आयर्लंडने कॅमेरून आणि जर्मनीशी 1-1 बरोबरी केली, सौदी अरेबियाला 3-0 हरवलं आणि दुसऱ्या फेरीत स्पेनकडून पेनल्टींवर हार पत्करली. वर्षअखेरीस बाहेरच्या सल्लागारांच्या अहवालाने आयर्लंडच्या फुटबॉल संघटनेच्या तयारीवर ताशेरे ओढले आणि सरचिटणीस ब्रेंडन मेंटन पायउतार झाले. आमचं मत विचाराल तर तक्रार रास्त होती. पण कर्णधाराने ती स्पर्धेच्या तोंडावर वृत्तपत्राकडे न्यायला नको होती, आणि मॅनेजरने चारचौघांत उकरायला नको होती.

प्रश्न : सांडरलँडला पहिल्याच हंगामात वरच्या श्रेणीत नेणारा मॅनेजर इप्सविचमध्ये का फसला? – वाचक, नागपूर

कारण सांडरलँडमध्ये ज्या गोष्टी त्याच्या बाजूने होत्या, त्या इप्सविचला नव्हत्या आणि त्याच्या लक्षात ते उशिरा आलं.

ऑगस्ट 2006 मध्ये तो आला तेव्हा सांडरलँड दुसऱ्या श्रेणीत 24 पैकी 23वं होतं, पहिले चारही लीग सामने हरलेलं. अध्यक्ष होता नायल क्विन, म्हणजे राष्ट्रीय संघातला जुना सहकारी. सायपानच्या वेळी दोघांचं फाटलं होतं, तरी त्याने कीनलाच बोलावलं. खरेदीची मुदत संपताना एका दिवसात सहा खेळाडू आले : यॉर्क, कॅव्हनाह, मिलर, वॉलेस, वार्गा, कॉनोली. बरेचसे कीनने मँचेस्टर किंवा सेल्टिकमध्ये जवळून पाहिलेले, त्यामुळे ओळखी करण्यात वेळ गेला नाही. जानेवारीत युनायटेडकडून जॉनी इव्हान्स आणि डॅनी सिम्प्सन उसने आणले, ल्यूटनचा कार्लोस एडवर्ड्स घेतला. बचाव आवळला गेला आणि जानेवारीपासून एप्रिलच्या उत्तरार्धापर्यंत संघ लीगमध्ये हरलाच नाही. शिस्त अशी की बार्न्स्लीला जायच्या बसला तिघे उशिरा आले, तर बस त्यांना सोडून निघाली. सामना 2-0 जिंकला. 46 सामन्यांत 88 गुण आणि श्रेणीचं विजेतेपद.

वरच्या श्रेणीत हिशेब बदलला. 2007-08 मध्ये 39 गुण, 15वा क्रमांक, तग धरला. पुढच्या वर्षी न्यूकॅसलला घरच्या मैदानावर 28 वर्षांनी हरवलं, पण बोल्टनकडून 4-1 हार झाल्यावर डिसेंबरात त्याने पद सोडलं.

एप्रिल 2009 मध्ये इप्सविचला सुरुवात झकास झाली, पहिले दोन्ही सामने जिंकले. मग नव्या हंगामात 14 लीग सामने विजयाविना. इथे तीन गोष्टी चुकल्या. एक, त्याने पुन्हा सांडरलँडचे ओळखीचेच खेळाडू गोळा केले : एडवर्ड्स, लेडबिटर, पुढे फुलॉप. पण 2006 चा उपाय 2009 च्या दुखण्यावरचा नव्हता. दोन, तरुण स्ट्रायकर जॉर्डन ऱ्होड्स हडर्सफिल्डला विकला आणि तिकडे त्याने गोलांचा पाऊस पाडला. तीन, धाक. सांडरलँडचा संघ तळाला होता, तिथे धाकाने जाग आली. इप्सविचमध्ये तोच धाक हार-बरोबरीच्या मालिकेत दडपण ठरला आणि खेळाडू पास द्यायला कचरू लागले. हे तिसरं अर्थात आमचं वाचन, पहिली दोन नोंदीत आहेत. 15व्या क्रमांकावर हंगाम संपला. पुढच्या वर्षी संघ लीग कपच्या उपांत्य फेरीत पोहोचला खरा, पण लीगमध्ये 19वा असताना, 7 जानेवारी 2011 रोजी त्याला काढलं.

प्रश्न : कीनने श्रीमंत प्रेक्षकांना कोळंबीवरून का डिवचलं? – वाचक, रत्नागिरी

नोव्हेंबर 2000 मध्ये डायनॅमो कीव्हला कसंबसं 1-0 हरवल्यावर तो घरच्याच प्रेक्षकांवर उखडला. रोख होता कंपन्यांच्या खर्चाने येऊन, पेय आणि कोळंबी सँडविच खात बसणाऱ्यांवर, ज्यांना मैदानावर काय चाललंय याचा पत्ता नसतो. तेव्हापासून इंग्लंडमध्ये अशा प्रेक्षकांना ‘कोळंबी सँडविचवाले’ म्हणतात. कोकणात हा टोमणा लागू पडायचा नाही, हे मान्य.

प्रश्न : इप्सविचनंतर तो पुन्हा मॅनेजर झाला का? – वाचक, पणजी

मुख्य पदावर नाही. नोव्हेंबर 2013 ते नोव्हेंबर 2018 तो आयर्लंडच्या संघात मॅनेजर मार्टिन ओनीलचा सहायक होता. युरो 2016 मध्ये लीलला ब्रेडीच्या गोलने इटलीला हरवलं तेव्हा तो बाकावर होता, आणि विश्वचषकाच्या पात्रता लढतीत डेन्मार्कने डब्लिनला 5-1 चोपलं तेव्हाही. मध्ये 2014 मध्ये काही महिने अ‍ॅस्टन व्हिला, 2019 मध्ये काही महिने फॉरेस्ट, दोन्हीकडे सहायक. त्यानंतर टीव्हीवरचा समालोचक.