पॅरिश सोडताना फादरना सांगायलाच हवं का?

प्रश्न: नोकरीमुळे आम्ही लवकरच दुसऱ्या देशात चाललो आहोत. मुलाचा बाप्तिस्मा इथल्याच चर्चमध्ये झाला, मी कॉयरमध्ये गाते. पण आम्ही नवीन आलो तेव्हा इथे कुणी फारशी विचारपूस केली नव्हती. म्हणून मिस्टर म्हणतात, जातानाही गुपचूप जाऊ, उगाच गाजावाजा नको. मला ते पटत नाही.

उत्तर: गाजावाजा नको हे मान्य. पण न सांगता जाऊ नका.

आधी तुमच्या मिस्टरांच्या तक्रारीबद्दल. परदेशात बऱ्याच पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या कॅथलिक मंडळीत, रविवारी शेकडो माणसं येतात आणि त्यांतली काही पाहुणी असतात. नवं कोण आणि पाहुणं कोण हे चेहऱ्यावरून कळत नाही, त्यामुळे विचारपूस राहून जाते. तो हलगर्जीपणा असतो, पण त्यामागे बहुधा आकस नसतो. चर्चचा कायदा तर तुम्हाला फॉर्म भरायच्या आधीच आपलं मानतो. 1983 च्या धर्मसंहितेनुसार, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या ग्रंथानुसार, एखाद्या पॅरिशच्या हद्दीत किमान तीन महिने राहण्याच्या इराद्याने आलेला कॅथलिक त्या पॅरिशचा होतो आणि तिथले फादर त्याचे फादर होतात. नोंदणीचा फॉर्म त्यानंतरचा. तरीही तो भराच, कारण कॅथलिक शाळेचा प्रवेश असो की धर्मपालकासाठी (गॉडपेरेंट) लागणारं पत्र, ऑफिसात तुमचं नाव सापडलं तर काम सोपं होतं.

हा तीन महिन्यांचा नियम आपल्या घरांत विशेष उपयोगाचा आहे. आई-वडील सहा महिन्यांसाठी येतात आणि आपण त्यांना चर्चमध्ये ‘पाहुणे’ म्हणून मागच्या बाकावर बसवतो. तेही त्या पॅरिशचेच असतात. आल्या आल्या त्यांची फादरशी ओळख करून द्या. पुढे कुणी अंथरुणाला खिळलं, तर घरी ख्रिस्तप्रसाद आणायला किंवा आजाऱ्यांना तैलाभ्यंग (तेल लावून दिला जाणारा संस्कार) द्यायला येणारा माणूस अनोळखी नसेल. आणि ते परत निघाले की त्यांनाही नीट निरोप द्यायला लावा. म्हातारी माणसं हे मागत नाहीत, पण त्यांना ते हवं असतं.

आता तुमचं जाणं. फादरना महिनाभर आधी सांगा, शेवटच्या रविवारी दारात उभ्या उभ्या नको. कॉयरमधली तुमची जागा कोण घेणार ते ठरू द्या, चाव्या आणि स्वरलिपीच्या वह्या परत करा. दरमहा बँकेतून जाणारी देणगी असेल तर ती आठवणीने बंद करा. आणि आशीर्वाद मागायला लाजू नका. अमेरिकेतल्या चर्चच्या आशीर्वादविधींच्या ग्रंथात नव्या सदस्यांचं स्वागत आणि पॅरिश सोडून जाणाऱ्याला आशीर्वाद असे दोन स्वतंत्र विधी आहेत. म्हणजे ही मागणी काही जगावेगळी नाही. मिलेत या गावी प्रेषित पौलाने इफिसच्या मंडळीच्या वडीलजनांना बोलावून घेतलं, गुडघे टेकून त्यांच्याबरोबर प्रार्थना केली आणि ते रडत रडत त्याला जहाजापर्यंत पोहोचवायला गेले, हे बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आहे. तो काही गाजावाजा नव्हता.

कागदांत सगळ्यात महत्त्वाचा मुलाचा बाप्तिस्म्याचा दाखला. नाव पासपोर्टप्रमाणेच आहे का ते ऑफिसात उभं राहूनच तपासा. दुरुस्ती इथे असताना सोपी. मूळ नोंद मात्र कायम याच पॅरिशच्या वहीत राहणार. पुढे त्याचं दृढीकरण (कन्फर्मेशन) किंवा लग्न कुठेही झालं तरी ते कळवून याच नोंदीसमोर लिहिलं जातं. म्हणूनच लग्नाच्या वेळी जुना दाखला चालत नाही, सहसा सहा महिन्यांच्या आत काढलेला नवा मागतात. तेव्हा चर्चचं पूर्ण नाव, पत्ता आणि धर्मप्रांत (बिशपच्या अखत्यारीतला भाग) लिहून ठेवा. पॅरिश एकमेकांत विलीन होतात, वह्या दुसरीकडे हलतात. धर्मप्रांत माहीत असला की माग काढता येतो. एखादं मूल प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वर्गात असेल तर किती अभ्यास झाला याचं पत्र घ्या, नाहीतर नव्या ठिकाणी पहिल्यापासून सुरुवात करावी लागू शकते.

जर्मनीला जाणार असाल तर एक वेगळी गोष्ट. तिथे राहत्या पत्त्याची सरकारी नोंदणी करताना धर्मही विचारतात. कॅथलिक लिहिलंत की चर्चकर लागू होतो: बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आयकराच्या 8 टक्के, बाकी राज्यांत 9 टक्के. कर वाचवायला तो रकाना कोरा ठेवायचा आणि मग बाप्तिस्म्यासाठी पॅरिशमध्ये जायचं, असले सल्ले लोक देतात. ऐकू नका.

नव्या जागी मिस्सा संपल्यावर लगेच पार्किंगकडे पळू नका. फादरना नाव सांगा, मुलाला पुढे करा, ऑफिसची वेळ विचारा आणि मागच्या फादरचं ओळख करून देणारं चार ओळींचं पत्र द्या. पौलानेही रोमच्या मंडळीला पत्रातून फीबी या मंडळीच्या सेविकेची अशीच ओळख करून दिली होती. कॉयरबद्दल मात्र महिनाभर थांबलात तरी चालेल, आधी त्यांची गाणी तर ऐका.

आणि मिस्टरांना एक काम नेमून द्या. तिथे रुळल्यावर कुणी नवं कुटुंब दिसलं की त्यांच्याशी आधी त्यांनीच बोलायचं. व्हिसा कोणता, कंपनी कोणती हे नंतर. आधी नाव विचारायचं आणि पुढच्या रविवारी ते लक्षात ठेवून हाक मारायची.