नदीकाठची खोली सोडायची, तर जायचं कुठे?

नाशिकला पंचवटीत गोदाकाठी पत्र्याची खोली आहे, पुराचं पाणी घरात येतं, त्या रात्री जायचं कुठे आणि परवडणारं पक्कं घर मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. मी तशाच खोलीत वाढले.

आधी त्या रात्रीचं. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला, की आई दुतोंड्या मारुतीकडे, म्हणजे गोदापात्रातल्या ज्या मूर्तीवरून आम्ही पुराची पातळी ओळखतो तिच्याकडे, बघून यायची. पाणी त्याच्या कमरेला लागलं की गाठोडं बांधायचं आणि मनपाच्या शाळेत जायचं. २०१९ च्या ऑगस्टात तर मारुतीच दिसेनासा झाला. गाठोड्यात भांड्यांआधी कागद: आधार, रेशनकार्ड, लाइट बिल, मतदारयादीचा उतारा.

पाणी ओसरलं की लगेच घर धुऊ नका! आम्ही चिखल उपसून भिंती घासल्या, आणि दोन दिवसांनी आलेल्या माणसाने ‘नुकसान दिसत नाही’ असं लिहून नेलं. आधी फोटो, मग तलाठ्याचा पंचनामा, मग खराटा. केंद्राच्या २०२२-२६ च्या निकषांत पडलेल्या झोपडीला ८,००० रुपये आहेत, कपड्यांना २,५०० आणि भांड्यांना २,५०० वेगळे. एवढ्यात घर उभं राहत नाही, पण पत्रे येतात.

आता पक्कं घर. स्वतःच्या जागेवर बांधायला पंतप्रधान आवास योजनेत अनुदान मिळतं, पण तुमची जागा ना तुमच्या नावावर, ना निळ्या पूररेषेबाहेर, म्हणजे नदीकाठच्या बांधकामबंदीच्या हद्दीबाहेर. तिथे विटा रचू नका, कोणी एजंट काहीही सांगो. मग उरतं ते घरकुल किंवा योजनेतला फ्लॅट. त्यासाठी वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत हवं आणि देशात कुठेच पक्कं घर नको. झोपडी किती जुनी, हेही लागतं: १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा असेल तर राज्याच्या धोरणात पुनर्वसन मोफत, २०११ पर्यंतचा असेल तर पैसे भरून. आईने जपलेल्या जुन्या लाइट बिलाने आमचं काम झालं.

आम्हाला शहराच्या दुसऱ्या टोकाला, चुंचाळ्यात घर मिळालं. छप्पर गळत नाही, खरं आहे. पण आई भाजी विकते, आणि मार्केट यार्ड दिंडोरी रोडला. पहाटे चारला बस नसते, रिक्षातच कमाई जाते. चौथ्या महिन्यात ती मावशीकडे पंचवटीत राहायला गेली, आता फक्त रविवारी येते.

म्हणून फॉर्म भरण्याआधी एकदा पहाटे त्या ठिकाणाहून तुमच्या कामावर जाऊन बघा, दिवसा नाही.