तोफ नसताना तोफखाना कसा शिकवायचा?

तुम्ही विचारलंय, कॉलेजच्या एनसीसी पोरांसाठी तोफखान्याची तात्पुरती रेंज कशी उभी करावी. तोफही नाही, मैदानही नाही.

गोणपाट आणा. तोफ डोक्यातून काढा. गोळा कुठे पडला ते पाहून नेम सुधारणारा माणूस तोफेजवळ नसतोच, तो पुढे ओपीत, म्हणजे निरीक्षण चौकीत, असतो. त्याचा डोळा चुकला की अख्खी बॅटरी, म्हणजे एकत्र मारा करणाऱ्या तोफांचा गट, चुकते.

मी तोफखान्यात टीए (टेक्निकल असिस्टंट) होतो. निवृत्तीनंतर एका कॉलेजात शिकवायला जायचो. तिथल्या साहेबांनी पत्र्याची तोफ करून घेतली, २६ जानेवारीला फोटो काढले. मी म्हटलं, एवढ्या पैशांत पफ रेंज होईल, म्हणजे गोणपाटाचं छोटं मैदान, गोळ्याऐवजी पावडरचा ढग. "गोणपाटावर कसला तोफखाना?" असं साहेब पोरांसमोर म्हणाले. फार लागलं.

मग पदरचे पैसे घालून बांधली. पाच बाय चार मीटरची बांबूची चौकट, कमरेएवढी उंच. वर गोणपाट, खालून काठ्या देऊन टेकड्या. प्रमाण १:१०००, म्हणजे मीटरला किलोमीटर. खाली सुतळीच्या चौकटी. खाली बसलेला पोरगा सांगितलेल्या चौकटीत हॉर्नच्या रबरी भोंग्यातून टाल्कम पावडर उडवतो, वर ढग उठतो. तोच गोळा.

कोन मिलमध्ये मोजतात. वर्तुळाचे ६४०० मिल; हजार मीटरवर एक मिल म्हणजे साधारण एक मीटर. लक्ष्य ३ किलोमीटरवर, गोळा ४० मिल डावीकडे, तर 'राइट १२०'. अंतराचं खरं कठीण. एक मुलगी ५०-५० मीटरनं सरकत राहायची, दहा-दहा गोळे जायचे. तिला सक्तीनं ब्रॅकेट करायला लावलं, म्हणजे एक गोळा अलीकडे, एक पलीकडे टाकून अंतर निम्मं करत जायचं: ॲड (पुढे) ४००, ड्रॉप (मागे) २००, ॲड १००, ड्रॉप ५०, मग फायर फॉर इफेक्ट, म्हणजे खरा मारा. पुढच्या आठवड्यात पाचव्या हुकमाला लक्ष्यावर!

साहेब एकदा आले, तेव्हा त्यांनाच नेम पाहणाऱ्याच्या स्टुलावर बसवलं. ढगानं लक्ष्य झाकलं तर गोळा अलीकडे, ढगासमोर लक्ष्य उठून दिसलं तर पलीकडे. दोन-तीन सेकंदांत ढग विरतो. त्यांना एकदाही सांगता आलं नाही. त्या मुलीनं प्रत्येक वेळी सांगितलं. पत्र्याच्या तोफेनं हे कधी शिकवलं असतं?

खाली बसणाऱ्यांच्या नाकातोंडाला रुमाल बांधा. 'फायर'नंतर लगेच ढग उडवू नका, मोठ्यानं आकडे मोजायला लावा. खरा गोळा पोचायला वेळ लागतो. तोफेवरचं ड्रिल मात्र यातून येणार नाही, त्यासाठी खरी तोफच लागते.